"काय झालं?" हा प्रश्न न विचारता: संघर्षातून सावरणाऱ्या स्त्रिया आणि मुलांसोबत काम सुरू करताना

नवा कार्यकर्ता टेबलाशी बसतो, समोर एक बाई येऊन बसते आणि त्याच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "काय झालं तुमच्याबरोबर?" हेतू चांगलाच असतो. पण हाच प्रश्न तिला सीमेवरच्या अधिकाऱ्याने विचारलेला असतो, छावणीत नाव लिहून घेणाऱ्याने विचारलेला असतो, दवाखान्यात विचारलेला असतो, आणि एखाद्या पत्रकारानेही. एव्हाना तिला एक हिशेब कळलेला असतो: हकिकत जितकी भयंकर, तितकी मदत लवकर. मग ती सांगत राहते, किंवा यायचंच बंद करते.

हा लेख वस्तीच्या पातळीवर काम सुरू करणाऱ्यांसाठी आहे. एखादं महिला मंडळ, दोन-चार शिक्षिका, निर्वासितांमधल्याच काही बायका, शेजारच्या गावातले स्वयंसेवक, असे छोटे गट डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. खाली पुष्कळ सूचना आहेत, पण त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच आग्रह आहे. मदत गरज पाहून द्यायची, हकिकत ऐकून नाही.

पहिली पायरी: स्वतःला नियम लावून घ्या

२००२ साली गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनमधल्या निर्वासितांची पाहणी झाली. मदतकार्यातलीच काही माणसं शिधा आणि इतर वस्तूंच्या बदल्यात मुलींचं लैंगिक शोषण करत असल्याचं तिच्यातून बाहेर आलं. त्यानंतर २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी काढलेल्या परिपत्रकातले नियम आज जगभर आधार मानले जातात. अठरा वर्षांखालच्या कुणाशीही लैंगिक संबंध नाही, आणि "वय माहीत नव्हतं" ही सबब चालत नाही. पैसा, काम किंवा वस्तू यांच्या बदल्यात लैंगिक संबंध नाही. सहकाऱ्याबद्दल शंका आली तर ती कळवणं बंधनकारक.

तुमचा गट पाच जणांचा असला तरी हे कागदावर उतरवा आणि प्रत्येकाची सही घ्या. "आपल्यातलाच आहे, चांगल्या घरातला आहे" या वाक्याने आजवर फार नुकसान केलं आहे. तक्रार ऐकणारी व्यक्ती आणि वाटप करणारी व्यक्ती वेगळ्या ठेवा, कारण जिच्या हातात शिध्याची यादी आहे तिच्याविरुद्ध तिच्याकडेच कोण बोलेल? इथली प्रत्येक गोष्ट फुकट आहे, तिच्या बदल्यात कुणी काहीही मागू शकत नाही, हे दारावर चित्रासह लावा. वाचता न येणाऱ्यांना तोंडी सांगा, आणि पुन्हा पुन्हा सांगा.

दुसरी पायरी: आजूबाजूला काय आहे, ते पायाने फिरून पाहा

मानसिक आधाराच्या कामासाठी आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांनी मिळून २००७ मध्ये मार्गदर्शक सूत्रं काढली. त्यांत चार थरांचा एक पिरॅमिड आहे. तळाला सुरक्षितता आणि मूलभूत सेवा, त्यावर कुटुंब आणि समाजाचा आधार, त्यावर प्रशिक्षित पण तज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांची नेमकी मदत, आणि टोकाला डॉक्टर व मानसोपचारतज्ज्ञ. नव्याने येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला टोकावर चढायचं असतं. दोन दिवसांचं समुपदेशनाचं शिबिर केलं की आता आघातांवर इलाज करायला हरकत नाही, असं वाटू लागतं. हरकत आहे. तुमची जागा खालच्या दोन थरांत आहे आणि तिथेच माणसांची सगळ्यांत जास्त कमतरता असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अंदाजानुसार संघर्षग्रस्त भागांत साधारण पाचातल्या एका व्यक्तीला कुठला ना कुठला मानसिक आजार असतो. याचा अर्थ उरलेल्या चौघांना त्रास नाही असा नाही. त्यांची झोप उडालेली असते, चिडचिड होते, छातीत धडधडतं. मात्र त्यांना बरं वाटायला लागतं ते बहुधा दाराला कडी असलेल्या खोलीने, नवऱ्याचा ठावठिकाणा लागल्याने, मुलांची शाळा सुरू झाल्याने. आणि त्या पाचव्या व्यक्तीला खऱ्या डॉक्टरकडे पोचवायला हवं.

त्यासाठी यादी करा. दवाखाना, बाळंतपणाची सोय, कायदेशीर मदत, रात्रीचा आसरा, शाळा, हरवलेल्या नातेवाइकांचा शोध घेणारं कार्यालय, अपंगत्व आलेल्यांसाठीची सेवा. फोन नंबर गोळा करून ही यादी होत नाही, प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन यावं लागतं. स्त्री डॉक्टर कोणत्या दिवशी असते? पैसे घेतात का? पोलिसांचा कागद असल्याशिवाय तपासत नाहीत, असं तर नाही? तिथे तिची भाषा कुणाला येते? चालता न येणारी बाई आत कशी जाईल? ही यादी दर महिन्याला तपासा. एखादी बाई कामाचा दिवस बुडवून, उसने पैसे घेऊन, लहान मूल शेजारणीकडे सोडून तुम्ही सांगितलेल्या ठिकाणी गेली आणि तिथे कुलूप दिसलं, तर ती तुमच्याकडेही परत येत नाही. यादीतली एक चुकीची ओळ एवढी महाग पडते.

तिसरी पायरी: आधीपासून कोण करतंय, ते शोधा

तुम्ही पोचण्याआधी कुणी काहीच करत नव्हतं असं कधीच नसतं. बोस्नियात युद्ध चालू असतानाच, १९९३ मध्ये, झेनित्सा शहरात 'मेडिका झेनित्सा' सुरू झालं. जर्मनीहून आलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञ मोनिका हाउझर आणि तिथल्याच स्थानिक डॉक्टर, परिचारिका, मानसशास्त्रज्ञ बायका यांनी मिळून ते उभं केलं. रवांडात १९९४ च्या वंशसंहारानंतर काही महिन्यांतच, १९९५ च्या सुरुवातीला, वाचलेल्या विधवांनीच 'आवेगा' ही संघटना बांधली. या बायका स्वतः शोकात होत्या, तरी कामाला लागल्या.

तुमच्या वस्तीतही अशा बायका असतील. अनाथ पोरांना कोण आपल्या पंगतीला बसवून घेतं? बाळंतपणाला कुणाला हाक मारतात? अर्ज कोण लिहून देतं? त्यांच्याकडे जा आणि त्यांना काय कमी पडतं ते विचारा. नवं मंडळ काढून त्यांना त्याचं सदस्य करून घेण्याची घाई करू नका.

इथे एक खाच आहे. बैठकीला येणाऱ्या, मोकळेपणाने बोलणाऱ्या बायका म्हणजे सगळ्या बायका नव्हेत. 'त्या बाजूच्या' माणसाची विधवा, अपंग बाई, अल्पसंख्य गटातली, सैनिकांच्या तळावर राहून आल्याची कुजबुज जिच्याबद्दल चालते ती, आणि चौदा-पंधराव्या वर्षीच आई झालेली मुलगी, या तिथे दिसत नाहीत. प्रत्येक बैठकीनंतर एकच प्रश्न स्वतःला विचारा: आज कोण नव्हतं? मग बैठकीची वेळ बदला, जागा बदला, नाहीतर तुम्हीच तिच्या दारी जा. पण एकटीच्याच दारी जाऊ नका, आजूबाजूच्या चार घरांतही डोकावा, म्हणजे बोट तिच्याकडे वळणार नाही.

चौथी पायरी: जागा

खोलीला नाव साधं द्या. शिवणवर्ग, महिला केंद्र, वाचनखोली, काहीही चालेल. 'अत्याचारपीडित महिला साहाय्य केंद्र' अशी पाटी लावलीत तर आत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक बाईची वस्तीत जाहिरात होते. उघडण्याचा वार आणि वेळ ठरवा आणि ती पाळा. आठवड्यातून दोनच दिवस उघडा, पण ठरलेल्या दिवशी दार उघडं मिळालंच पाहिजे.

छावणीच्या आखणीत तुमचा शब्द चालत असेल तर मदतकार्याच्या 'स्फिअर' मानकांतले आकडे तोंडपाठ ठेवा. वीस माणसांमागे निदान एक शौचालय, बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट, दाराला आतून कडी, वाटेवर दिवा, पाण्याचा नळ घरापासून ५०० मीटरच्या आत. लैंगिक हिंसा रोखायची म्हणून फलक रंगवण्याआधी हा कडी-दिव्याचा प्रश्न लावून धरा. बायकांना रात्री कुठल्या वाटेने जायची भीती वाटते, ते त्यांना काढून दाखवायला सांगा. जमिनीवर काडीने आखलेल्या नकाशावर त्या पाच मिनिटांत बोट ठेवतात.

पाचवी पायरी: पहिली भेट

या कामाला मानसिक प्रथमोपचार म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये काढलेल्या पुस्तिकेत ते तीन शब्दांत मावलं आहे: पाहा, ऐका, जोडून द्या.

पाहा म्हणजे ती सुरक्षित आहे का, जखमी आहे का, थंडीने कुडकुडते आहे का, सोबत कोण आहे. दाराजवळची खुर्ची तिला द्या आणि तुम्ही आतल्या बाजूला बसा, म्हणजे उठून जायची वाट तिच्या हातात राहते. अगदी समोरासमोर बसू नका, थोडं तिरकं बसा. पाणी द्या. दुभाषी लागणार असेल तर बाईच हवी, आणि ती तिच्या नात्यातली किंवा शेजारातली नको. तिच्या मुलाला किंवा मुलीला दुभाषी करायचं नाही, कितीही घाई असली तरी. आईवर काय बेतलं ते आठ वर्षांच्या पोराच्या तोंडून वदवून घेणं हा त्या दोघांवरही अत्याचार आहे.

मग विचारायचं काय? "आलात, बरं झालं. आज सगळ्यांत आधी कशाची नड आहे?" एवढं पुरतं. उत्तर अनेकदा अनपेक्षित येतं. चप्पल, पाळीच्या वेळचे कपडे, फोन चार्ज करायची सोय, धाकट्याचा खोकला. तुमच्या मनात तिची मोठी जखम घोळत असते आणि ती बोलत असते चपलेबद्दल. चपलेचं बघा.

ती आपणहून बोलू लागली तर ऐका. थांबली तर ओढू नका. सगळं एकदा सांगून टाकलं की मन हलकं होतं, हा समज फार पसरलेला आहे. आघातानंतर लगेच एकाच बैठकीत सगळा प्रसंग तपशिलाने वदवून घेण्याची पद्धत पूर्वी वापरली जायची. तिचा उपयोग होत नाही आणि काहींना तिने अपायच होतो असं दिसल्यामुळे जागतिक आरोग्य संघटना तिची शिफारस करत नाही. रडू आलं तर रडू द्या. हात धरायचा की नाही हे तिच्याकडे बघून ठरवा, आपल्या सवयीने ठरवू नका.

काही वाक्यं मात्र जिभेवर येऊ देऊ नका. "मी समजू शकते." "वाचलात हे नशीब." "झालं गेलं विसरा." "पोरांकडे बघून हिंमत धरा." यांतलं शेवटचं वाक्य तर इतक्या सहज निघतं, आणि ते तिच्या खांद्यावर आणखी एक ओझं ठेवून जातं.

बोलता बोलता तिची नजर एकाच जागी खिळली, श्वास वर चढला, ती इथे नाहीच असं वाटलं, तर आवाज मऊ ठेवून पाय जमिनीवर टेकवायला सांगा, खोलीत दिसणाऱ्या वस्तूंची नावं घ्यायला सांगा. जीव द्यायची भाषा असेल, दिवसेंदिवस अन्न जात नसेल, बाळाकडे तिचं अजिबात लक्ष नसेल, तर त्याच दिवशी तज्ज्ञाकडे न्यायचं आणि तोवर एकटं सोडायचं नाही.

आणि जोडून द्या, म्हणजे दुसऱ्या पायरीतली ती यादी. पत्ता हातात ठेवून मोकळं होऊ नका. तिची इच्छा असेल तर पहिल्या वेळी सोबत जा. जे तुमच्या हातात नाही त्याचं वचन देऊ नका. "तुमच्या भावाला शोधून काढू" असं म्हणायचं नाही. "शोध घेणाऱ्या कार्यालयात तुमचं नाव गुरुवारी नोंदवू" असं म्हणायचं, आणि गुरुवारी जायचं.

सहावी पायरी: तिने बलात्काराबद्दल सांगितलं तर

वेळ इथे खरोखर मोजावी लागते. एचआयव्हीची लागण टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. गर्भधारणा टाळणारी तातडीची गोळी १२० तासांपर्यंत घेता येते. धनुर्वात आणि कावीळ-ब यांच्या लशी, जखमांवर आणि लैंगिक संसर्गांवर उपचार हेही त्याच भेटीत होतं. ही मुदत उलटून गेली असली तरी दवाखान्यात जाणं वाया जात नाही. कित्येक बायका सतत लघवी झिरपण्याचा त्रास, म्हणजे फिस्टुला, वर्षानुवर्षं लपवून ठेवतात. त्यावर शस्त्रक्रिया आहे, हे त्यांना ठाऊकच नसतं.

तुम्ही तपशील विचारायचे नाहीत. कधी घडलं एवढं कळलं की ७२ तासांचा हिशेब लागतो, बाकीचं डॉक्टर बघतील. पुढे पाठवायचं का, कुणाला सांगायचं, सोबत कोण यावं, याची परवानगी दर पावलाला नव्याने घ्या. एकदा 'हो' म्हटलं म्हणजे सगळ्याला 'हो' झालं असं नाही. नवऱ्याला, सासूला, वस्तीच्या प्रमुखाला कळवायचं नाही. दोन्ही घरांना बसवून समेट घडवण्याच्या भरीस तर मुळीच पडायचं नाही. काही देशांत अशी घटना पोलिसांना कळवणं कायद्याने सक्तीचं असतं. तसं असेल तर ते तिने बोलण्याआधी तिला सांगा. बोलून झाल्यावर सांगणं म्हणजे फसवणूक.

काँगोमधल्या बुकावूचं पांझी रुग्णालय १९९९ पासून हे काम करतं आहे. त्याचे संस्थापक डॉ. डेनिस मुक्वेगे यांना २०१८ चं शांततेचं नोबेल मिळालं, ते इराकमधल्या यझिदी समाजाच्या नादिया मुराद यांच्याबरोबर विभागून. पांझीच्या पद्धतीला चार खांब आहेत: वैद्यकीय उपचार, मानसिक आधार, कायदेशीर मदत आणि कमाईची सोय. छोट्या गटाला चारही एका छताखाली जमणार नाहीत, पण चार कुठे आहेत ते ठाऊक असलं पाहिजे.

पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही. तिचा जबाब मोबाइलवर रेकॉर्ड करू नका, जखमांचे फोटो काढू नका. तीच हकिकत पाच जणांनी पाच वेळा लिहून घेतली तर शब्दांत फरक पडतोच, आणि पुढे न्यायालयात नेमका तोच फरक तिच्यावर उलटवला जातो. याच कारणांसाठी २०२२ मध्ये 'मुराद संहिता' तयार झाली. संघर्षातल्या लैंगिक हिंसेची माहिती कुणी, कधी आणि कशी घ्यावी, आणि मुळात घ्यावी का, हे तिच्यात सांगितलं आहे.

पुरुष आणि मुलगेही या हिंसेतून गेलेले असतात. ते महिला केंद्रात येणार नाहीत, तेव्हा यादीत त्यांच्यासाठीही एक पत्ता हवाच.

सातवी पायरी: मुलं

मूल एकटं दिसलं की त्याला उचलून सुरक्षित ठिकाणी नेण्याचा मोह होतो. थांबा. तासाभरापूर्वी आईचा हात सुटलेला असू शकतो. ज्या जागी सापडलं तिथल्या लोकांना विचारा, मूल कुठे नेत आहात ते तिथे सांगून ठेवा, आणि लगेच बालसंरक्षण यंत्रणेकडे किंवा रेड क्रॉस, रेड क्रेसेंटकडे नोंद करा. नातेवाइकांचा माग काढण्याचं रेड क्रॉसचं काम १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धापासून चालत आलेलं आहे. रवांडात १९९४ नंतर घरच्यांपासून तुटलेल्या, नाव-गाव सांगता न येणाऱ्या चिमुरड्यांचे फोटो फलकांवर लावून आई-बाप शोधले गेले. त्यामुळे लहान मुलाच्या अंगावरचे कपडे, गळ्यातला दोरा, ते गुणगुणतं ते गाणं, त्याची बोली, हे सगळं टिपून ठेवा आणि कपडे फेकू नका.

अनाथालय काढण्याचा विचार मनात आला तर तो बाजूला ठेवा. मुलांच्या पर्यायी संगोपनाबद्दल संयुक्त राष्ट्रांनी २००९ मध्ये स्वीकारलेली सूत्रं सांगतात की मूल शक्यतो नात्यात किंवा दुसऱ्या कुटुंबात वाढावं, आणि तीन वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं. वसतिगृह उघडलं की गरिबीने गांजलेले आई-बाप मुलं आणून सोडतात, शिकतील आणि जेवतील म्हणून. म्हणजे जे कुटुंब टिकलं होतं तेही आपणच मोडतो. तेच पैसे आत्याला, आजीला मूल सांभाळण्यासाठी द्या.

लहान मुलांच्या दंडाचा घेर रंगीत पट्टीने मोजायला शिका. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११५ मिलिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण. त्याच दिवशी उपचार केंद्र गाठायचं. ही रंगीत पट्टी आईलाही शिकवता येते, आणि ती तुमच्यापेक्षा जास्त वेळा मोजते.

बाकी मुलांना हवं असतं ते रोज ठरल्या वेळी खेळ आणि शाळा. मूल बंदूक-बंदूक खेळतं, तोच प्रसंग परत परत चितारतं, म्हणून घाबरून जाऊ नका. चित्राचा अर्थ लावायला बसू नका आणि "हे रक्त आहे का?" असं विचारू नका. दहा वर्षांचं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं तर आईला सांगा की हे नेहमीचं आहे, मारू नका, निजण्याआधी थोडं जवळ बसा. मोठ्या आवाजाने मुलं दचकतात, म्हणून खेळाच्या जागी शिट्टी आणि फटाके नकोत. परिसरात सुरुंग किंवा न फुटलेले बॉम्ब असण्याची शक्यता असेल तर 'दिसलं तर हात लावू नको, आल्या वाटेनेच मागे फिर, मोठ्यांना सांग' हा धडा पहिल्याच दिवशी.

सशस्त्र गटांकडून परतलेली मुलं हा आणखी अवघड भाग. सशस्त्र गटांनी वापरलेल्या मुलांबद्दलच्या २००७ च्या पॅरिस तत्त्वांनुसार अठरा वर्षांखालचा स्वयंपाकी, हमाल, निरोप्या आणि लैंगिक गुलामीत ठेवलेली मुलगी हे सगळे या व्याख्येत येतात, त्यांच्या हातात शस्त्र असो वा नसो. सिएरा लिओनच्या युद्धानंतर पुनर्वसनाच्या अधिकृत कार्यक्रमात आलेल्या मुलांमध्ये मुली दहा टक्क्यांच्याही आत होत्या. शस्त्र जमा करण्याशी जोडलेला कार्यक्रम, त्यात नाव नोंदवलं की डाग लागायची भीती, यामुळे बहुतेक जणी गुपचूप गावात मिसळल्या. अशांसाठी वेगळा वर्ग काढू नका. शिवण, शाळा, बचत जे काही असेल त्यात इतर मुलींसोबत त्यांनाही घ्या. कडेवर बाळ असेल तर बाळ सांभाळायला कोपरा ठेवा, नाहीतर ती तीन दिवस येईल आणि चौथ्या दिवशी दिसणार नाही.

अत्याचारातून जन्मलेल्या बाळांबद्दल एवढंच: ते मूल कुणाचं, हा प्रश्न तुमच्या कुठल्याही फॉर्मवर नको. बोस्निया देशातल्या 'फेडरेशन' या भागात अशा मुलांना कायद्याची ओळख मिळायला २०२३ उजाडलं. तोवर ती तिशीत पोचली होती.

आठवी पायरी: कागद

कंटाळवाणं काम, आणि म्हणूनच कुणी करत नाही. नवरा बेपत्ता आहे, मृत्यूचा दाखला नाही, म्हणून ती विधवा नाही. विधवा नाही म्हणून निवृत्तिवेतन नाही, जमीन नावावर नाही, दुसरं लग्न नाही. मुलाचा जन्मदाखला घरासोबत जळाला म्हणून परीक्षेला बसता येत नाही. रवांडात मुलींना मुलांच्या बरोबरीने वारसाहक्क देणारा कायदा १९९९ मध्ये आला. तोवर कित्येक विधवा आणि मुली ज्या शेतावर राबत होत्या ते कागदोपत्री कुणा दिराचं किंवा काकाचं होतं. कोसोवोत युद्धकाळातल्या लैंगिक हिंसेतून वाचलेल्यांना भरपाईसाठी कायदा २०१४ मध्ये झाला आणि अर्ज घ्यायला सुरुवात झाली २०१८ मध्ये, युद्ध संपल्यानंतर जवळपास एकोणीस वर्षांनी.

म्हणून दर आठवड्याला एक दुपार फक्त अर्जांसाठी ठेवा. कायदा जाणणारी एक व्यक्ती, अर्ज लिहिणाऱ्या दोघी, झेरॉक्सची सोय. 'बेपत्ता' आणि 'मृत' यांतला फरक तिला नीट समजावा आणि सही करण्याआधी विचार करायला वेळ द्या. मृत्यूच्या दाखल्यावर सही करणं म्हणजे त्याची वाट पाहणं सोडणं, असं तिला वाटू शकतं. अनेक देशांत 'बेपत्ता' असा वेगळा दाखला मिळतो. तुमच्याकडे मिळतो का, ते आधी पाहून ठेवा.

नववी पायरी: तीन कुलपांची पेटी

शिलाई मशीन वाटण्याआधी बाजारात जाऊन या. वीस जणींना मशीन दिली आणि कपडे शिवून घेणारी गिऱ्हाइकं पाचच असली, तर मशीन विकली जाते आणि अपयश तिच्या पदरी पडतं. माझ्या मते सुरुवात बचतीने करावी. बाहेरचा पैसा नंतर.

नायजरमध्ये १९९१ साली केअर या संस्थेने सुरू केलेली पद्धत आज कितीतरी देशांत चालते. बचत गट पाहिलेल्यांना ती लगेच उमगेल. पंधरा ते पंचवीस बायका एकमेकींना स्वतः निवडतात. ही निवड तुम्ही करायची नाही. दर आठवड्याला बैठक. गटाने ठरवलेल्या किमतीचा एक 'वाटा', आणि एका बैठकीत प्रत्येकीने एक ते पाच वाटे घ्यायचे. पैसे लोखंडी पेटीत. पेटीला तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन वेगवेगळ्या बायकांकडे आणि पेटी चौथीच्या घरी. पेटी फक्त बैठकीतच, सगळ्यांदेखत उघडायची. पैसे मोठ्याने मोजायचे, आकडा सगळ्यांनी पाठ करायचा आणि पुढच्या बैठकीच्या सुरुवातीला तो एकीने सांगायचा. पासबुकात आकड्यांऐवजी शिक्के, म्हणजे अक्षरओळख नसलेलीही आपले शिक्के स्वतः मोजते. याच पैशांतून छोटी कर्जं देतात, आणि वर्षाच्या आसपास पेटी रिकामी करून व्याजासकट वाटप होतं.

त्यासोबत एक छोटा वेगळा निधी असतो, आजारपण आणि मयतीसाठी. तो सोडू नका. किल्ली सांभाळायची जबाबदारी कुणाकडे जाते ते बघा. जिच्याशी वर्षभर कुणी धड बोललं नव्हतं तिच्याकडे तिसरी किल्ली जाते तेव्हा वस्तीचा तिच्याकडे बघण्याचा रोख बदलतो. हे कुठल्याही सत्रात शिकवून होत नाही.

घरातही लक्ष असू द्या. बायकोच्या हाती पैसा आला की काही घरांत मारहाण वाढते. नवऱ्यांना, भावांना सुरुवातीलाच एकदा बोलावून हिशेब कसा चालतो ते दाखवा आणि अडचण आलीच तर ती कुणाला सांगायची, ते बायकांना ठाऊक असू द्या.

दहावी पायरी: नोंदी आणि फोटो

जानेवारी २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसच्या यंत्रणेवर सायबर हल्ला झाला आणि ५ लाख १५ हजारांहून अधिक लोकांची माहिती उघडी पडली. त्यांत संघर्ष, स्थलांतर आणि आपत्तींमुळे कुटुंबापासून तुटलेली माणसं होती. एवढ्या मोठ्या संस्थेचं हे झालं, तर तुमच्या गटाच्या व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या यादीचं काय?

कमीत कमी लिहा. नावांची वही वेगळी, कामाची वही वेगळी, दोन्हींना जोडणारा फक्त क्रमांक. वही कुलपात. घाईने निघावं लागलं तर आधी काय नष्ट करायचं आणि कुणी, हे शांततेच्या दिवसांत ठरवून ठेवा. देणगीदाराला फोटो हवा असेल तर शिवणयंत्रावरच्या हातांचा पाठवा. चेहरा नको, शाळेची पाटी नको, मागे दिसणारी ओळखीची इमारत नको, आणि फोटोसोबत जागेची खूण जाते ती बंद करा. "तिने परवानगी दिली होती" हे नेहमीच पुरेसं नसतं. जिच्याकडून शिधा घ्यायचा तिला 'नाही' म्हणणं किती अवघड, याचा विचार करा.

अकरावी पायरी: तुम्ही, आणि तुमचं निघणं

कार्यकर्त्यांपैकी बऱ्याच जणी स्वतःच त्या संघर्षातून गेलेल्या असतात. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी, जोडीने काम, आणि महिन्यातून एकदा अनुभवी व्यक्तीसोबत बसून अडलेल्या प्रसंगांवर बोलणं, तेही नावं न घेता. झोप लागेनाशी झाली, मुलांवर विनाकारण ओरडणं वाढलं, किंवा उलट कुठल्याच गोष्टीचं काही वाटेनासं झालं, तर काही दिवस वाटपाच्या किंवा हिशेबाच्या कामावर जा. हे कमीपणाचं नाही आणि गटप्रमुखाने ते आधी स्वतः करून दाखवावं.

निघायची तारीख काम सुरू करतानाच ठरवा आणि सगळ्यांना सांगा. निधी एका वर्षाचा असेल तर एका वर्षाचा म्हणून सांगा. विशेषतः मुलांना अचानक सोडून जाऊ नका, ते त्यांच्या बाबतीत आधीच एकदा घडलेलं असतं. शेवटचे तीन महिने खोलीची किल्ली, सेवांची यादी आणि अर्जांची दुपार वस्तीतल्या बायकांनी चालवायची आणि तुम्ही बाजूला बसायचं. त्यांनी वार बदलला, तुमचा आवडता उपक्रम बंद केला, खोलीचं नाव बदललं, तर बदलू द्या. नावांच्या वहीचं काय करायचं ते मात्र सोडून जाण्यापूर्वी प्रत्येकीला वेगळं विचारा: तिचं पान नव्या गटाकडे द्यायचं, तिच्याच हातात द्यायचं, की तिच्यासमोर फाडून टाकायचं.